पासपोर्ट तेवढा तुझ्याजवळ ठेव

चि. बाबू, अनेक आशीर्वाद.

तू मुंबईला पोचल्याचा मेसेज आईला आला, मला आला नाही. असू दे. राग आहे ते कळतं. गणपती पोचवून आलो त्या रात्री मी जे बोललो ते तसं बोलायला नको होतं, तेही मावशीसमोर. पण एक सांगतो, मी तुझ्या परदेशी जाण्याच्या विरोधात नाही. कधीच नव्हतो. पर्वरीच्या आयएचएममध्ये, हॉटेल मॅनेजमेंटला, तुला घातलं तेव्हाच मला माहीत होतं की हा मुलगा पेडण्यात राहणारा नाही.

मला बोलायचंय ते फक्त पासपोर्टबद्दल. परदेशी नोकरी लावून देतो म्हणणारा म्हापशाचा तो माणूस ओरिजिनल पासपोर्ट आणि अडीच लाख मागतोय, पासपोर्ट तू त्याला दिलास का, एवढंच मला सांग. दिला नसशील तर देऊ नको. दिला असशील तर सोमवारी मी स्वतः जाऊन घेऊन येतो, तुला काही विचारणार नाही.

इंग्लंडचं जे झालं त्यात तुझी काही चूक नाही हे मला त्या रात्री सांगायचं होतं आणि मी दुसरंच बोललो. नंतर मी सगळं वाचून काढलं, चष्मा लावून, रात्री दोन दोन वाजेपर्यंत, आईला विचार. त्या हॉटेलवाल्यांनी मे महिन्यात तुला हो म्हटलं, पण स्पॉन्सरशिपचं सर्टिफिकेट काढायला उशीर केला, आणि 22 जुलै 2025 पासून त्यांच्या सरकारने डिग्री लेव्हलच्या खालची बहुतेक कामं त्यांच्या स्किल्ड वर्कर व्हिसातून काढूनच टाकली, त्यात शेफचं काम गेलं. पगाराची अटसुद्धा बघ, एप्रिल 2024 च्या आधी वर्षाला 26,200 पौंड होती, मग 38,700 झाली, आता 41,700. तू सातवीपासून आईच्या शेजारी उभा राहून कालवण करायला शिकलास, तीन वर्षं शिक्षण, चार वर्षं मुंबईच्या किचनमध्ये बारा बारा तास उभा, आणि त्यांच्या कागदात ते काम 'खालचं' ठरलं. मला वाचताना वाईट वाटलं, खरंच वाईट वाटलं. तुझ्या हातच्या जेवणाला खालचं म्हणणारा माणूस मला भेटलेला नाही.

पण म्हणून घाईत पासपोर्ट कुणाच्या हातात देऊ नको.

बघ, परत तिथेच आलो. बरं, माहितीचं सांगतो, लेक्चर नाही. इंग्लंडमध्ये कुठल्या कंपनीला बाहेरची माणसं बोलावायची परवानगी आहे त्याची यादी त्यांच्या सरकारच्या साइटवर उघडी आहे, कुणीही बघू शकतो. आपल्याकडे सरकारच्या ई-मायग्रेट साइटवर रजिस्टर झालेले एजंट दिसतात, आणि रजिस्टर एजंटाला कायद्याने ₹30,000 आणि वर जीएसटी, एवढेच घेता येतात. अडीच लाख कुठून आले मग? आणि तो कंपनीचं नावसुद्धा सांगत नाही, नुसतं 'युरोपातलं काम' म्हणतो. नोकरी देणाऱ्याचं नाव नसलेली नोकरी मी आयुष्यात एकदाच घेतली होती.

तुला कुवेतचं मी फारसं सांगितलेलं नाही. आईला माहीत आहे, तेही अर्धंच.

1990 ला मी 31 वर्षांचा होतो, कुवेतला जाऊन चार वर्षं झाली होती. गेलो तेव्हा विमानातून उतरल्या उतरल्या मालकाच्या माणसाने सगळ्यांचे पासपोर्ट गोळा केले, आम्ही रांगेत उभं राहून दिले, मला काही वावगं वाटलं नाही, सगळेच देत होते. चार वर्षं माझा पासपोर्ट मालकाच्या कपाटात राहिला. 2 ऑगस्टला सकाळी इराकचे रणगाडे आले आणि मालक दोन दिवसांत दिसेनासा झाला, कपाटाची किल्ली त्याच्याकडे. आम्ही सहाजणांनी ते कपाट फोडलं. आत हिशेबाच्या वह्या होत्या. पासपोर्ट नव्हते.

पुढे दूतावासाने एक कागद दिला, त्यावर फोटो चिकटवलेला आणि शिक्का, बस. त्या एका कागदावर मी बगदादवरून जॉर्डनच्या हद्दीपर्यंत बसने गेलो. प्रत्येक नाक्यावर सैनिक वर चढायचा, ज्यांच्याकडे पासपोर्ट होता त्यांची पानं चाळून परत द्यायचा, आणि माझा कागद हातात घेऊन उलटा करायचा. मागे कोरा. परत सुलटा करायचा. परत माझ्याकडे बघायचा. किती नाके झाले ते आठवत नाही, पण तो कागद उलटा होताना पोटात जे व्हायचं ते अजून होतं, बँकेत कुणी माझा फॉर्म उलटून बघितला तरी होतं. हद्दीवर वाळवंटात तंबूत नऊ रात्री काढल्या, पाणी टँकरचं, दिवसा अंग भाजायचं आणि रात्री थंडी. मग अम्मानहून एअर इंडियाचं विमान. लाखाच्या वर माणसं त्या वेळी अशी परत आणली, त्यातला मी एक. मुंबईहून कदंबाच्या बसने म्हापशाला उतरलो तेव्हा हातात पिशवीसुद्धा नव्हती. आजीने अंगावरचा शर्ट काढायला लावला आणि तसाच साबणात भिजत घातला, खिशात कागद. लहानपणी ट्रंकेत तुला जो पुसट तोंडाचा फोटो सापडायचा आणि तू विचारायचास हा कोण, तो मीच. मी सांगितलं नाही तेव्हा. का नाही सांगितलं माहीत नाही.

आता तो दुसरा विषय. तू त्या रात्री म्हणालास की बाबा, तुम्ही वेळेत पोर्तुगालात नाव घातलं असतं, तिथला पासपोर्ट काढला असता तर मी आज इंग्लंडात स्विंडनला असतो, थोरल्या काकांच्या मुलासारखा. ते मला लागलं. पण खोटं नाही, म्हणून लागलं. माझा जन्म 1959 चा, गोवा मुक्तीच्या दोन वर्षं आधीचा, पोर्तुगीज राजवटीतला, तेव्हा त्यांच्या नागरिकत्वावर माझा हक्क होता आणि माझ्यावरून तुझा. काकांनी केलं, मी केलं नाही. भारत दोन देशांचं नागरिकत्व ठेवू देत नाही, त्यांचं घेतलं की आपलं गेलं, आणि ज्या देशाने मला वाळवंटातून विमानात बसवून आणलं त्याचा पासपोर्ट सोडायला माझं मन झालं नाही. हे तुला आज पहिल्यांदा सांगतोय.

आणि काकांचा मुलगा गेलाय ते दिवस वेगळे होते. 31 डिसेंबर 2020 नंतर पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडमध्ये सरळ जाऊन काम करता येत नाही, आधीपासून तिथे असलेल्यांनी 30 जून 2021 च्या आत अर्ज केले, तो त्यात बसला. युरोपियन युनियनच्या देशांत तो पासपोर्ट अजून चालतो. मंगळवारी मी रजिस्ट्रार ऑफिसात जाऊन माझ्या जन्माची नोंद शोधायला सांगून आलो. नोंद आहे. आडनावाचं स्पेलिंग पोर्तुगीज पद्धतीचं आहे, आधारशी जुळत नाही, आबांच्या नावातही एक अक्षर जास्त, म्हणजे ते सगळं आधी दुरुस्त करावं लागणार, वकील, अॅफिडेव्हिट, वेळ जाईल. मी काही ठरवलेलं नाही. फक्त जाऊन आलो. नीट बसून बोलू, तुझंही ऐकायचंय, या वेळी मध्ये बोलणार नाही.

जर्मनीचंही वाचलं. जून 2024 पासून त्यांचं ते चान्सेनकार्ट आहे, नोकरी शोधायला वर्षभर जाऊन राहता येतं, पॉइंट लागतात, भाषेत जर्मन ए-वन किंवा इंग्रजी बी-टू, आणि 2025 ला महिन्याचे 1,091 युरो या हिशेबाने वर्षाचे पैसे आधी दाखवावे लागतात, 13,092 होतात. रक्कम मोठी आहे, पण ते पैसे तुझ्याच खात्यात राहतात, म्हापशाच्या माणसाच्या खिशात जात नाहीत. आईच्या नावावरची एफडी मार्चमध्ये सुटते. ती मीच सुचवली असं समजू नको, आईच म्हणाली.

शिपवर कामाला जा म्हणून परत सांगणार नाही, तो विषय संपला.

जेवतोस का वेळेवर? किचनमध्ये दिवसभर दुसऱ्यांना वाढणारे लोक रात्री मॅगी खातात असं मावशीचा मुलगा सांगत होता. तसं करू नको. म्हणजे, कर तुला हवं ते, मोठा आहेस. रात्री मोपा विमानतळाचं विमान आपल्या माडांवरून उतरतं तेव्हा आई अजून बाहेर येऊन बघते. तुझं विमान असणार नाही हे तिला माहीत आहे. तरी बघते.

व्हीएफएसला, म्हणजे व्हिसाचे अर्ज घेतात तिथे, अर्ज करताना पासपोर्ट द्यावा लागतो ते मला कळतं, तिथे पावती मिळते, नंबर मिळतो, ती गोष्ट वेगळी. बाकी कुणाला नाही. शेवटच्या पानांवर काय छापलेलं आहे ते एकदा काढून वाच, हा पासपोर्ट भारत सरकारची मालमत्ता आहे असं लिहिलेलं असतं. म्हणजे तो म्हापशाच्या माणसाचा नाही, मालकाचा नाही आणि तुझ्या बापाचाही नाही, म्हणून मी तुझा कधी मागून घेतला नाही, तुझं लायसन्ससुद्धा मागितलं नाही.

बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात आईने कोकमं आणि सुकी सुंगटं घातली आहेत, वेगळ्या डब्यात काढून ठेव, वास लागेल. पासपोर्ट आतल्या चेनच्या कप्प्यात असायचा. तू निघताना स्टेशनावर मी विचारणार होतो, गाडी आली आणि राहून गेलं. आहे ना तिथेच? बघून मला मेसेज कर, आईला नको, मला कर.

तुझा,
बाबा