फोटो बघून चिडू नका, आधी हे वाचा

ती. आई-बाबांना सा. न.,

हो, समुद्रावरचा माझा तो फोटो खरा आहे. आईने तीन प्रश्नचिन्हं टाकली तेव्हाच कळलं मला. सुमाताईच्या लग्नाला यायला पैसे नव्हते आणि समुद्रावर फिरायला आहेत, हेच ना? अगं पण विमानाचं तिकीट कुठे आणि हे कुठे! मिलानहून ट्रेनने तीन तास, जानेवारी म्हणून खोली स्वस्त, तीपण रूममेटबरोबर अर्धी अर्धी, म्हणजे एकटीही नव्हते.

आम्ही गेलो ते चिंक्वे तेर्रे म्हणजे इटलीच्या किनाऱ्यावर कड्यांना चिकटलेली पाच गावं, एका गावातून दुसऱ्यात डोंगरातल्या पायवाटेने जायचं. सध्या अर्धी हॉटेलं बंद, होड्या गल्लीत ओढून ठेवलेल्या, बाल्कन्यांत कपडे वाळतायत, बाकी शुकशुकाट. बाबांनी त्यातल्याच वेर्नात्सा गावाच्या २०११ च्या पुराचा व्हिडिओ पाठवला तो बघितला, पण बाबा, आता पावसाचा मोठा इशारा आला की वाटच बंद करतात. आम्हीपण एक दिवस खोलीत बसून काढला. दुसऱ्या दिवशी कोर्नील्याच्या स्टेशनपासून गावापर्यंत ३८२ पायऱ्या चढलो, गुडघा ठीक आहे, विचारू नका.

जेवणाचंही ठीक. फारिनाता म्हणून मिळतं, चण्याचं पीठ, पाणी, ऑलिव्ह ऑइल, मीठ, भट्टीत भाजलेलं. म्हणजे आपलं बेसनाचं धिरडंच, हळद-मिरची विसरलेलं.

पण एक प्रकार मला अजून पचलेला नाही. हॉटेलात बिलात 'कोपेर्तो' लावतात, म्हणजे बसायचे पैसे! टिप नाही, टॅक्स नाही. टेबलक्लॉथ, ताट-काटे आणि एक पावाची टोपली यांचे माणशी दोन-अडीच युरो, पाव खाल्ला नाही तरी. मी भांडायच्याच बेतात होते, रूममेटने मेनूकार्डाच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलेलं दाखवलं. कॉफीचंही तेच, बऱ्याच ठिकाणी काउंटरवर उभ्याने प्यायली तर स्वस्त, टेबलावर बसलात की महाग, कॉफी तीच, कपही तोच. आपल्या खानावळीत पाट मांडायचे वेगळे पैसे मागितले तर आजीने काय केलं असतं!

बाबा, तुमच्यासाठी एक. इथले द्राक्षांचे मळे डोंगरउतारावर पायऱ्या-पायऱ्यांचे, आणि प्रत्येक पायरीला गडगा! चुना नाही, सिमेंट नाही, नुसते धोंडे. एक म्हातारबाबा ढासळलेला भाग रचत होते, दगड बसवायचा, परत काढायचा, फिरवून बघायचा, मग फटीत कपची ठोकायची, डिट्टो तुम्ही. मी पंधरा मिनिटं उभी राहून बघत होते, रूममेट वैतागली.

बरं, चिपळूणच्या स्थळाचं. फोटो बघितला, नाही म्हणत नाही, पण लगेच हो पण म्हणत नाही, मेपर्यंत थांबा, त्यांनाही तसंच कळवा. लोनचा हप्ता वेळेवर जाईल. या महिन्यात घरी कमी पाठवलेत ते फिरण्यामुळे नाही, हीटिंगचं बिल आलं. थोडं फिरण्यामुळेपण. पुढच्या महिन्यात भरून काढते.

आणि मागच्या बाजूचा गडगा पावसात पडलाय तो बाबांनी एकट्याने रचायला घेतल्याचं काकूकडून कळलं, तुम्ही दोघांनी सांगितलं नाहीत. गडी लावा. त्याची मजुरी मी वेगळी पाठवते.

तुमची,
मनू