शेवाळालाही ऊन लागते

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

कालच्या रविवार पुरवणीतील शेवाळाच्या टाक्यांवरील लेख मी दोनदा वाचला; एकदा उत्सुकतेने आणि दुसऱ्यांदा, जे वाचले ते खरोखरच छापले आहे याची खात्री करून घेण्यासाठी. मुंबईत उन्हाची वाण नाही, तेव्हा गच्चीगच्चीवर हिरव्या शेवाळाच्या टाक्या ठेवाव्यात आणि जितके ऊन अधिक तितका कार्बन अधिक शोषला जाईल, असे लेखकमहाशय सुचवतात. हिशेब सुटसुटीत आहे, फक्त तो शेवाळाला मान्य नाही.

हाच हिशेब मी 1986 साली ऐकला होता. त्या वेळी मी शहरातील एका महाविद्यालयात प्रयोगशाळा साहाय्यक होते. क्लॅमिडोमोनास या एकपेशीय शैवालाचे कल्चर ट्यूबलाइटखाली उत्तम वाढले होते. प्रात्यक्षिकाआधी ते आणखी दाट व्हावे म्हणून चंबू गच्चीवर ठेवण्याचा आदेश विभागप्रमुखांनी दिला आणि तोही ऑक्टोबरच्या उन्हात. मी शक्य तितक्या नम्रपणे हरकत घेतली, ती अर्थातच ऐकली गेली नाही. तिसऱ्या दिवशी चंबूत फिकट पिवळट पाणी आणि तळाशी गाळ एवढेच उरले, आणि चंबू नीट निर्जंतुक केला नव्हता असा ठपका माझ्यावर आला. चंबूतले पाणी तापले होते हे खरेच. परंतु दोष एकट्या उष्णतेचा नव्हता, आणि माझा तर मुळीच नव्हता.

मंद प्रकाशात वाढलेली पेशी मिळेल तो प्रकाश टिपण्यासाठी हरितद्रव्य भरपूर बनवते. तिला एकाएकी भर उन्हात ठेवले, की टिपलेली ऊर्जा कार्बन स्थिरीकरणाच्या, म्हणजे कार्बन डायऑक्साइडपासून साखर बनवण्याच्या, वेगाला झेपेनाशी होते आणि त्या जादा ऊर्जेतून तयार होणारी ऑक्सिजनची घातक रूपे प्रकाशयंत्रणेचीच मोडतोड करतात. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढ्या या जीवाकडे त्यावर उपाय आहेत. प्रकाशाची ऊर्जा वापरणाऱ्या पेशीतल्या दोन प्रकाशप्रणालींमध्ये एकीकडे प्रकाश जास्त जाऊ लागला, तर काही मिनिटांत प्रकाश टिपणाऱ्या प्रथिनांचा काही भाग दुसरीकडे सरकतो. श्रावणातल्या ऊन-पावसाच्या खेळात हे किती उपयोगी पडत असेल! मात्र जादा ऊर्जा उष्णतेच्या रूपाने टाकून देणारे विशेष प्रथिन पुरेसे तयार व्हायला तास लागतात, आणि तेवढी सवड आमच्या चंबूला मिळालीच नाही.

लेखात कार्बनच्या बाजूचा तर विचारच नाही. कार्बन डायऑक्साइड पाण्यात हवेच्या तुलनेत सुमारे 10,000 पट सावकाश पसरतो. तो पकडणारे रुबिस्को हे विकर (एन्झाइम) सेकंदाला जेमतेम काही रेणू हाताळते आणि वर चुकून ऑक्सिजनही पकडते. म्हणून कार्बनची टंचाई झाली, की क्लॅमिडोमोनास पाण्यातले बायकार्बोनेट, म्हणजे विरघळलेल्या कार्बनचे एक रूप, आत ओढून घेतो, हरितलवकातल्या पायरेनॉइड नावाच्या गाठीत रुबिस्को दाटीवाटीने भरतो आणि तेथेच बायकार्बोनेटचा पुन्हा कार्बन डायऑक्साइड करतो. तो निसटू नये म्हणून भोवती पिष्टाचे कवचही असते. हा सगळा उपद्व्याप ऊर्जा खातो, त्यामुळे कार्बन मुबलक असेल तेव्हा तो बहुतांशी बंद ठेवला जातो. एवढेच नव्हे, तर कार्बन कमी पडला की उन्हापासून वाचवणारे ते प्रथिनही वाढते, कारण कार्बनच नसेल तर टिपलेल्या प्रकाशाचे करायचे काय? गच्चीवरच्या साचलेल्या टाकीत हवा कोण खेळवणार, वाढलेले शेवाळ कोण काढणार आणि ते कुजून तोच वायू पुन्हा हवेत सोडणार नाही याची व्यवस्था काय, याबद्दल लेखात एक ओळही नाही.

जाता जाता आणखी एक. लेखासोबतचे पवई तलावाचे छायाचित्र शेवाळाचे नसून जलपर्णीचे आहे. जलपर्णीला चांगली जांभळी फुले येतात आणि ती त्या छायाचित्रात स्पष्ट दिसत आहेत. शेवाळाला फुले येत नाहीत, हे आम्ही शाळकरी मुलांना शिकवतो.

आपण दुरुस्ती छापाल अशी आशा आहे. सोबत छायाचित्र देणार असाल, तर ते आधी कोणा वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्याला दाखवून घ्यावे, ही नम्र विनंती.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त प्रयोगशाळा साहाय्यक, मुलुंड (पूर्व), मुंबई