दुकानाआधी गिऱ्हाईक आले

अमेरिकेतील ‘पटेल ब्रदर्स’ या किराणा साखळीवरचा आपल्या रविवार पुरवणीतील लेख वाचला. मफतभाई आणि तुलसीभाई पटेल यांच्या कष्टांविषयी दुमत नाही. पण सगळे श्रेय ‘धंदा रक्तात असणे’ याला देऊन लेखकाने अर्धा इतिहास गाळला आहे.

१९४६च्या कायद्याने अमेरिकेत स्थायिक होण्यासाठी भारतीयांच्या वाट्याला वर्षाकाठी जेमतेम १०० जागा आल्या होत्या. १९६५च्या कायद्याने ती कोटापद्धत मोडली आणि डॉक्टर, इंजिनीअर, प्राध्यापक कुटुंबासह तिकडे जाऊ लागले. १९७४मध्ये शिकागोच्या डेव्हन अव्हेन्यूवर पटेलांचे पहिले दुकान निघाले, तेव्हा तूरडाळीची वाट पाहणारी घरे आसपास तयार होती. मेहसाणा जिल्ह्यातून आलेल्या भावांनी ही निकड ओळखली, यात त्यांची हुशारी खरीच. पुढच्या पिढीने ‘स्वाद’ हा घरचा ब्रँड रुजवला आणि आज दुकानांची संख्या पन्नाशीपलीकडे गेली आहे.

ऐंशीच्या दशकात आम्ही शिकागोपासून दोन तासांवर राहत होतो. महिन्यातून एकदा डेव्हनची फेरी ठरलेली. येताना डिकीत तांदळाची गोणी, मांडीवर पोह्यांच्या पिशव्या. (गोडा मसाला आणि भाजणी मात्र आईच्या हातचीच, पुण्याहून बॅगेतून.) वाटेत आणखी दोन मराठी घरांची आणि एका तेलुगू शेजाऱ्याची सामानाची यादी खिशात असायची. या याद्यांचा लेखात उल्लेखही नाही.

– एक वाचक, पुणे