ओकोंक्वोचा अभिमान आणि उमुओफियाचा न्याय

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

चिनुआ अचेबे यांच्या ‘थिंग्ज फॉल अपार्ट’ (१९५८) या कादंबरीवरील लेख आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचला. नायजेरियातल्या इग्बो समाजावरच्या कादंबरीला मराठी वृत्तपत्राने एवढी जागा दिली, याबद्दल आपले मनापासून आभार. मात्र लेखाचा सगळा भार ज्या विधानावर आहे ते मला मान्य नाही. लेखकाच्या मते ओकोंक्वो हा इग्बो पुरुषार्थाचा अखेरचा प्रतिनिधी आहे. इंग्रज आल्यावर समाज बायकी झाला आणि न झुकणारा हा एकटा पुरुष गळफास घेऊन मेला. ओकोंक्वोला स्वतःविषयी आणि आपल्या माणसांविषयी नेमके हेच वाटत होते, यात शंका नाही. पण कादंबरी त्याच्या बाजूने तसा निकाल देत नाही.

ओकोंक्वोची पुरुषत्वाची कल्पना गावाने घडवलेली नाही, ती बापाच्या धास्तीतून आलेली आहे. उनोका बासरीत रमणारा, कर्जात बुडालेला, एकही मानाची पदवी न मिळवता मेलेला माणूस. त्याला जे जे प्रिय होते त्या सगळ्याचा, म्हणजे गाण्याचा, आळसाचा आणि मायेचासुद्धा, मुलाने तिरस्कार केला. अठराव्या वर्षी नामांकित मल्लाला चीत करणारा आणि दुसऱ्याकडून याम या कंदाचे बेणे मागून आणून शेती उभी करणारा हा तरुण किती राबला, हे मी कमी लेखत नाही. आधी दुष्काळ आणि मग अतिवृष्टी झाली त्या वर्षी एका शेतकऱ्याने झाडाला लटकून जीव दिला; ओकोंक्वो मात्र तगला. पण ज्या जिद्दीने त्याला तारले तीत राग सोडून दुसऱ्या कोणत्याही भावनेला वाव नव्हता.

ओकोंक्वोच्या गावात, उमुओफियात, मात्र असा वाव होता, आणि आपल्या लेखातून तोच निसटला आहे. तिथे सर्वांत धाक असलेली देवता आनी ही भूमाता आहे. बायकोला सतत मारहाण करणाऱ्या उझोवुलूचा खटला मुखवटे घातलेल्या पूर्वजांसमोर, म्हणजे एग्वुग्वूंसमोर, चालतो तेव्हा त्याला सासरी ताडी घेऊन जाऊन बायकोची विनवणी करायला सांगितले जाते आणि बाईशी मारामारी करण्यात शौर्य नसते हेही बजावले जाते. शेजारच्या गावातील वृद्ध न्दुलुए आणि त्याची पत्नी ओझोएमेना एकाच दिवशी मरण पावतात, तेव्हा दोघांचे मन एकच होते, तिला विचारल्याशिवाय तो काही करत नसे, असे लोक आदराने सांगतात. ओकोंक्वो हे ऐकून बुचकळ्यात पडतो, कारण तरुणपणी न्दुलुए बलदंड होता असे त्याने ऐकलेले असते. त्याला कोडे वाटते ते इतरांना वाटत नाही, एवढ्यावरूनच तो आपल्या समाजाचा नमुना नव्हता हे कळते.

इकेमेफुनाच्या हत्येकडेही याच दृष्टीने पाहावे लागते. दुसऱ्या गावाने भरपाई म्हणून उमुओफियाला दिलेला आणि तीन वर्षे ओकोंक्वोच्या घरात वाढलेला हा मुलगा त्याला बाप म्हणतो. देवाचा कौल त्याच्या मृत्यूचा आहे हे खरे. पण गावातील वयोवृद्ध एझेउडू मुद्दाम येऊन सांगतो, की तो तुला बाप म्हणतो, त्याच्या मरणात तुझा हात नसू दे. पुरुषांची रांग रानवाटेने निघते. ताडीचे मडके डोक्यावर घेतलेल्या मुलावर मागून घाव पडतो आणि तो ‘बाबा, मला मारलं’ असे ओरडत ओकोंक्वोकडेच धावतो. आपण दुबळे ठरू या भीतीने ओकोंक्वो कोयता उपसतो. पुढचे दोन दिवस त्याला घास गिळवत नाही, तो फक्त ताडी पीत राहतो. त्याचा मित्र ओबिएरिका मात्र त्या वाटेला गेलेलाच नसतो. देवाचा शब्द मोडायचा नाही, पण तो अमलात आणणारा हातही आपला असू द्यायचा नाही, अशी त्याची भूमिका आहे, आणि त्यापायी गावात त्याची पत ओंजळभरही कमी होत नाही.

या समाजाचे मी गोडवे गात नाही. जुळी मुले रानात टाकणारा तोच समाज आहे, आणि ओकोंक्वोचा मुलगा न्वोये मिशनऱ्यांकडे वळला तो त्या मुलांच्या आणि इकेमेफुनाच्या आठवणीने अस्वस्थ होऊनच. तरीही ओकोंक्वोसारख्या माणसाला आवर घालण्याची आणि पुन्हा जवळ करण्याची रीत त्या समाजाकडे होती. शांतीच्या आठवड्यात त्याने धाकट्या बायकोला मारले, तर भूमातेच्या पुजाऱ्याने त्याला दंड केला आणि त्याने तो भरला. एझेउडूच्या अंत्यविधीत त्याची बंदूक फुटून एक मुलगा दगावला, तेव्हा त्याला सात वर्षे गाव सोडून आईच्या माहेरी, म्बांटाला, जावे लागले. भूमी शुद्ध व्हावी म्हणून त्याचे घर जाळणाऱ्यांत जिवलग मित्र ओबिएरिकाही होता. आणि त्याच ओबिएरिकाने पुढे त्याचे याम विकले, उरलेले बेणे वाट्याने लावायला दिले आणि आलेल्या कवड्यांची पोती म्बांटाला पोचवली. म्बांटात मामा उचेंडूने त्याला समजावले, की बापाचा मार खाल्लेले मूल आईच्या झोपडीकडे धावते, तसा तू इथे आला आहेस, तेव्हा कुढत बसू नकोस. ओकोंक्वोने हा आसरा घेतला, पण त्यातले शहाणपण घेतले नाही. तिथली सात वर्षे वाया गेली असेच तो मानत राहिला.

इंग्रजी राजवटीने नेमकी ही व्यवस्था मोडली. नव्या कोर्टाला इथले रीतिरिवाज ठाऊक नव्हते आणि भाषाही येत नव्हती. गावाने चर्च पाडल्यानंतर इंग्रज कमिशनर ओकोंक्वोसह सहा प्रमुखांना बोलणी करायची म्हणून बोलावतो आणि बेसावध गाठून त्यांना बेड्या घालतो. शिपाई त्यांची डोकी भादरतात. दंड २०० पोती कवड्यांचा असतो. शिपाई गावाकडे २५० पोती मागतात, कारण वरची पन्नास त्यांच्याच घशात जाणार असतात. शांतीच्या आठवड्याचा दंड ओकोंक्वोला पुन्हा गावात सामावून घेण्यासाठी होता. या दंडातून त्याच्या वाट्याला अपमानाखेरीज काहीही आले नाही.

त्यानंतरच्या सभेत लोक कचरले, हा लेखातील आरोप मला सर्वांत अन्यायाचा वाटतो. गोऱ्या माणसाला मारल्यामुळे अबामे गावाची भर बाजारात कत्तल झाली, हे उमुओफियाला माहीत होते. या प्रसंगाचा धागा अभ्यासक १९०५ मध्ये अहिआरा येथे झालेल्या डॉ. स्ट्युअर्ट यांच्या हत्येशी आणि त्यानंतरच्या ब्रिटिश लष्करी मोहिमेशी जोडतात. शिवाय न्याय्य कारण आणि देवाचा कौल असल्याशिवाय युद्ध करायचे नाही, हा उमुओफियाचा स्वतःचा नियम होता. सभा नुकतीच सुरू झाली होती, प्रमुखांपैकी ओकिका बोलत होता, काहीच ठरले नव्हते. सभा थांबवायला आलेल्या शिपायाला कोयत्याने तोडून ओकोंक्वोने इंग्रजांना आव्हान दिलेच, पण आपल्या लोकांचा निर्णयाचा हक्कही त्यांच्या हातून काढून घेतला. लोक गप्प राहिले नाहीत. त्याने हे का केले, असे ते विचारत होते. त्याची आत्महत्या हाही भूमातेचा अपराध ठरला, आणि त्याला पुरायला परक्यांना बोलवावे लागले. ओबिएरिकाने तिथे कमिशनरला सुनावले, की आमच्या थोर माणसाला तुम्हीच मरायला लावलेत. ते शब्द मी शब्दशः खरे मानतो. ओकोंक्वोचा दोष दाखवल्याने साम्राज्याचा दोष तसूभरही हलका होत नाही.

राहता राहिला ‘बायकी’ हा शब्द. इग्बो गावांत सहसा राजे नसत, म्हणून इंग्रजांनी स्वतःच्या सोयीचे गावप्रमुख, म्हणजे वॉरंट चीफ, नेमले, बहुतेक सगळे पुरुषच, आणि बायकांच्या सभांना कारभारात जागा ठेवली नाही. बायकोला छळणाऱ्या पुरुषाच्या अंगणात जमून, गाणी म्हणत, त्याची छीथू करत, तो वठणीवर येईपर्यंत तिथून न हलण्याची या बायकांची जुनी प्रथा होती. १९२९ मध्ये आपल्यावर कर लादला जाणार या शंकेने ओलोको येथे ठिणगी पडली आणि हजारो स्त्रियांनी हीच प्रथा वॉरंट चीफांविरुद्ध वापरली. कोर्टाच्या इमारतींवर चाल केली. सैन्याच्या आणि पोलिसांच्या गोळीबारात पन्नासहून अधिक स्त्रिया मारल्या गेल्या, आणि पुढच्या काही वर्षांत सरकारला ती चीफांची पद्धत मोडीत काढावी लागली. इग्बो समाज बायकी झाला म्हणून हरला, असे लिहिणाऱ्या लेखकाने हा इतिहास आपल्याच पुरवणीत वाचकांसमोर मांडावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

आपला,
एक वाचक