परवाना ट्रॅक्टरचा, वजन ट्रॉलीचे: केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्री,
नवी दिल्ली

महोदय,

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम २(२१) नुसार रिकामे वजन ७,५०० किलोपर्यंत असलेला ट्रॅक्टर 'हलके मोटार वाहन' ठरतो. शेतातला ४५-५० एचपीचा ट्रॅक्टर साधारण दोन टनांचा, म्हणजे या मर्यादेच्या पुष्कळ आत. मागे काय जोडणार, हे मात्र परवाना देताना कोणी विचारत नाही. ट्रॅक्टरचा वैध परवाना असेल तर ट्रॉली जोडल्याने तो बाद होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये सांगितले. विम्याच्या वादात ते योग्यच होते, कारण अपघातग्रस्ताची भरपाई तांत्रिक मुद्द्यावर अडू नये. पण परिणाम असा की ट्रॅक्टर आणि भरलेली ट्रॉली मिळून आठ टनांची जोडगाडी रस्त्यावर आणणाऱ्याने ती एकदाही कोणासमोर चालवून दाखवलेली नसते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ च्या नियम १५ मधली चाचणी गाडी मागे घेता येते का ते पाहते. ट्रेलर जोडून मागे घेता येते का, ते पाहत नाही.

हे पत्र भाड्याने माल वाहणाऱ्यांबद्दल नाही. स्वतःचा शेतमाल, चारा, शेणखत स्वतःच्या ट्रॉलीतून नेणाऱ्यांबद्दल आहे.

धोका सर्वांत मोठा आहे तो थांबण्यात. बहुतेक ट्रॅक्टरना ब्रेक फक्त मागच्या दोन चाकांना असतात, आणि शेतातल्या ट्रॉलीला बहुधा नसतातच. ताशी २५ किलोमीटर म्हणजे सेकंदाला सात मीटर. या वेगात एकटा ट्रॅक्टर ब्रेक दाबल्यापासून सहा मीटरमध्ये थांबत असेल, तर मागे सहा टनांची बिनब्रेकची चारचाकी ट्रॉली असताना त्याच दोन चाकांना दोनऐवजी आठ टन रोखायचे असतात. अंतर चौपट होते, सुमारे २४ मीटर. चालकाला भान येईपर्यंतचा एक सेकंद धरला तर आणखी सात मीटर. ब्रेक कितीही कडक करून घेतले तरी फरक पडत नाही, कारण चाकांची रस्त्यावरची पकड तेवढीच राहते. चाके घसरतात आणि ट्रॉली ट्रॅक्टरला पुढे ढकलत नेते.

याला जोडूनच एक बारीक वाटणारी पण जीवघेणी गोष्ट. ट्रॅक्टरला डाव्या आणि उजव्या चाकाचे ब्रेक पेडल वेगवेगळे असते, ते शेतात जागच्या जागी वळण्यासाठी. रस्त्यावर येण्याआधी दोन्ही पेडले कडीने एकत्र अडकवायची असतात. ती अडकवली नाही आणि घाईत एकाच पेडलवर पाय पडला, तर ट्रॅक्टर त्या बाजूला गर्रकन वळतो, मागून ट्रॉलीचा रेटा येतो आणि सगळी जोडगाडी दुमडते. ही कडी तपासायला दोन सेकंद लागतात, तरी परीक्षेत तिच्याबद्दल प्रश्न नाही.

उताराचेही तसेच. डिझेल वाचवण्यासाठी न्यूट्रलमध्ये सोडलेला भरलेला ट्रॅक्टर नंतर गिअरमध्ये येत नाही, कारण चाकांचा वेग इंजिनाला झेपणारा राहिलेला नसतो. जो चढ ज्या गिअरमध्ये चढू, तो उतारही त्याच गिअरमध्ये उतरायचा, आणि गिअर उताराच्या तोंडावर टाकायचा, मध्यावर नाही.

जोडणीत चूक होते ती उंचीची. ओढ नेहमी ड्रॉबारवर, म्हणजे ट्रॅक्टरमागच्या खालच्या ओढदांड्यावर, मागच्या धुऱ्याच्या खाली हवी. साखळी वरच्या लिंकला, म्हणजे अवजार जोडायच्या वरच्या दांड्याला, बांधून ओढले तर पुढची चाके उचलली जातात आणि ट्रॅक्टर चालकावर उलटा पडतो. दोन चाकी ट्रॉलीत माल मागे जास्त रचला की ट्रॉलीची जोडदांडी वर उचलली जाते, ट्रॅक्टरची मागची चाके हलकी होतात, आणि जे ब्रेक आहेत तेही निकामी होतात. म्हणून वजन ट्रॉलीच्या धुऱ्याच्या किंचित पुढे ठेवायचे. जोडणीच्या पिनला लॉक हवे, शिवाय पिन तुटली तर धरायला वेगळी सुरक्षा साखळी. मागचा लाल दिवा आणि रिफ्लेक्टर मालाखाली झाकले गेले तर रात्री मागून येणाऱ्याला ट्रॉली दिसते ती धडकण्याच्या क्षणी.

मागे घेणे हे स्वतंत्र कौशल्य आहे. दोन चाकी ट्रॉलीत स्टिअरिंग उलट्या बाजूला फिरवावे लागते. चारचाकी ट्रॉलीचा पुढचा धुरा स्वतः वळतो, त्यामुळे सांधे दोन होतात आणि काम कितीतरी अवघड होते. दोन ट्रॉल्या जोडल्या की मागे घेण्याचा विचारच सोडावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

युरोपीय संघात कारच्या 'बी' परवान्यावर ७५० किलोपर्यंतचा ट्रेलर ओढता येतो. त्याहून जड ट्रेलर जोडायचा आणि जोडगाडीचे एकूण अनुज्ञेय वजन ३,५०० ते ४,२५० किलोंच्या दरम्यान असेल, तर 'बी ९६' ही नोंद लागते. तिच्यासाठी प्रशिक्षण घ्यावे लागत असेल तर ते किमान सात तासांचे असते. उलट, ब्रिटनने डिसेंबर २०२१ मध्ये कारचालकांसाठीची वेगळी ट्रेलर परीक्षाच काढून टाकली. आम्हाला पहिली वाट पटते, पण आपल्याकडे आकडे ट्रॅक्टरच्या हिशेबाने ठरवावे लागतील.

कायदा बदलण्याची गरज नाही, असे आम्हाला वाटते. कलम १०(२) मध्ये 'विशिष्ट वर्णनाचे मोटार वाहन' हा वर्ग आहेच, आणि कलम २७ खाली नियम करण्याचा अधिकार केंद्राकडे आहे. भरलेले वजन तीन टनांहून जास्त असलेल्या ट्रॉलीसाठी परवान्यावर वेगळी नोंद ठेवावी. त्यासाठी सात तासांचे प्रशिक्षण आणि अर्ध्या तासाची चाचणी पुरे: जोडणी करून दाखवणे, ब्रेक पेडलची कडी आणि दिवे तपासणे, भरलेल्या ट्रॉलीसह थांबणे, दोन चाकी ट्रॉली ठरलेल्या जागेत मागे घेणे. दोन ट्रॉल्यांची नोंद निराळी असावी, आणि ब्रेक नसलेल्या दुसऱ्या ट्रॉलीला ती मिळूच नये.

आज परवाना असलेल्यांचा परवाना मात्र काढून घेऊ नका. त्यांना दोन वर्षांची मुदत द्या, प्रशिक्षण तालुक्याच्या ठिकाणी आणि सुगीच्या आधी ठेवा, शुल्क घेऊ नका. या शेतकऱ्यांना व्यावसायिक वाहनाच्या वर्गात ढकलूही नका. तिथे वयाची अट २० वर्षांची आणि नूतनीकरण दर पाच वर्षांनी आहे. त्याला कंटाळून लोक परवान्याशिवायच ट्रॉली जोडतील.

नियमांचा मसुदा हरकती-सूचनांसाठी प्रसिद्ध करावा, ही विनंती.

आपले,
ट्रॅक्टर-ट्रॉली चालवणारे, शिकवणारे आणि दुरुस्त करणारे