टॅटू काढलेल्याची नमाज होते, हे स्पष्ट सांगा

माननीय संपादक,
सादर नमस्कार.

निपाणी, चिकोडी, खानापूरकडच्या मुस्लिम तरुणांमध्ये टॅटूचे वेड वाढले आहे. कुणी मनगटावर आईचे नाव काढून घेतो, कुणी दंडावर चंद्रकोर. घरी कळले की आकांत होतो आणि कुणीतरी ठासून सांगते, आता तुझा वजू, म्हणजे नमाजाआधी हात-तोंड-पाय धुऊन पाक होणे, होणार नाही, म्हणजे नमाजही होणार नाही. आमच्या नात्यातल्या एका मुलाने हे ऐकल्यापासून मशिदीत जाणेच सोडले. म्हणून हे पत्र.

गोंदणे हराम आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. गोंदणारी आणि गोंदवून घेणारी, दोघींवर पैगंबरांनी लानत (धिक्कार) केल्याची हदीस, म्हणजे त्यांच्या वचनांची नोंद, सहीह बुखारी आणि सहीह मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. अल्लाहने घडवलेले रूप बदलू नये, हे कारण उलेमा (धर्मपंडित) कुरआनातील सूरह निसाच्या 119 व्या आयतीवरून सांगतात. शिया पंथात आयतुल्लाह सिस्तानी यांच्यासारखे मुज्तहिद (धर्मनिर्णय देणारे पंडित) गोंदण्याला मुळात मनाई करत नाहीत. मी सुन्नी घरातली, मला बहुसंख्य सुन्नी उलेमांचेच म्हणणे पटते.

पण गुनाह (पाप) होणे वेगळे आणि नमाज न होणे वेगळे. वजूसाठी पाणी कातडीला लागले पाहिजे. टॅटूची शाई कातडीच्या आतल्या थरात मुरलेली असते, वर पापुद्रा राहत नाही. नेलपॉलिश पाणी अडवते, टॅटू अडवत नाही. सीमाभागातले बहुतेक मुसलमान सुन्नींतल्या हनफी मताचे आहेत आणि हनफी मतानुसार गोंदलेली जागा धुतली की पाक होते, कातडी सोलण्याची सक्ती नाही. सुन्नींतल्याच शाफई मताचे जुने पंडित इमाम नववी याहून कडक. ते म्हणतात, काढता येत असेल तर काढावे. पण शरीराला अपाय होण्याची भीती असेल तर त्यांच्याही मते तौबा (पश्चात्ताप करून माफी मागणे) पुरते. लहानपणी दुसऱ्या कुणी गोंदले असेल तर त्या मुलावर गुनाहच नाही. आपल्या खेड्यांतल्या काही मुस्लिम आजींच्या हातावर जत्रेतल्या गोंदणाऱ्या बाईने उमटवलेले हिरवे ठिपके आहेत. कळत्या वयाच्या आधीचे ते ठिपके. त्यावरून त्यांना आज नातवंडांनी सुनवावे, याचे मला फार वाईट वाटते.

प्रश्न विचारला की मुलांना गप्प बसवतात, तेही चूक आहे. बुखारीतच एक प्रसंग आहे. पैगंबरांचे सहाबी (साथीदार) अब्दुल्लाह इब्न मसऊद यांनी गोंदणाऱ्या बायकांवरची लानत सांगितली, तेव्हा उम्म याकूब नावाची बाई थेट त्यांच्याकडे गेली आणि म्हणाली, मी सगळे कुरआन वाचले आहे, मला हे कुठे सापडले नाही. त्यांनी तिला हाकलले नाही. रसूल (पैगंबर) जे देतील ते घ्या आणि ज्याला मना करतील ते सोडा, ही आयत दाखवली. तुमची बायकोही असले काही करते, असे ती म्हणाली, तर म्हणाले, जाऊन बघ. तिने जाऊन बघितले, तसे काही आढळले नाही. इतक्या मोठ्या सहाबींनी एका बाईला एवढे उत्तर दिले. आपण आपल्याच मुलाला का देऊ नये?

ज्यांनी अजून टॅटू काढलेला नाही त्यांना दुनियेतल्या गोष्टीही सांगा. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आहे, भरतीसाठी पहाटे धावणारी मुले गावोगाव आहेत. सैन्यात कायमचा टॅटू कोपरापासून मनगटापर्यंत हाताच्या आतल्या बाजूला आणि पंजाच्या मागच्या बाजूला तेवढाच चालतो, दंडावरचा किंवा छातीवरचा चालत नाही. टॅटूनंतर 12 महिने रक्तदान करता येत नाही. जत्रेत एकच सुई अनेकांना टोचली तर कावीळ-बी, कावीळ-सी, एचआयव्हीचा धोका असतो.

मेंदीचे टॅटूसारखे नाही. ती कातडीच्या वरच्या थरालाच रंगवते आणि दोन-तीन आठवड्यांत उतरते, म्हणून बायकांना जायज (धर्मसंमत) आहे. वजूआधी वाळलेला लगदा काढून टाकला की झाले, रंगाची अडचण नाही. पुरुषांनी हौसेखातर हातापायांना लावू नये, असे उलेमा म्हणतात. दाढी रंगवायला हरकत नाही, पहिले खलीफा हजरत अबू बकर मेंदी लावत.

पण मेंदी जायज म्हणून डोळे मिटून कोणताही कोन घ्यायचा का? ईद जवळ आली की बेळगावच्या खडेबाजारापासून गावच्या आठवडी बाजारापर्यंत काळ्या रंगाचे झटपट कोन विकायला येतात. खरी मेंदी तांबूस-तपकिरी रंगते, वेळ घेते, कुळकुळीत काळी कधीच होत नाही. तो काळा रंग बहुधा केसांच्या कलपातल्या पीपीडी या रसायनाचा असतो. त्याने फोड येतात, डाग राहतात, आणि एकदा ॲलर्जी जडली की पुढे साधा कलपही सोसत नाही. लहान मुलींच्या हातांवर तर हे अजिबात लावू नये.

मशिदींच्या जमातींना माझी विनंती आहे की रमजानमधल्या एखाद्या जुम्म्याच्या (शुक्रवारच्या) बयानात, म्हणजे प्रवचनात, टॅटूची आणि काळ्या कोनाची अशा या दोन्ही गोष्टी सांगाव्यात, आणि त्या मराठीतून सांगाव्यात. इथली कितीतरी मुले मराठी शाळेत शिकली आहेत. त्यांना उर्दू बयान अर्धेमुर्धे कळते आणि उरलेले ती मोबाइलवर शोधत बसतात.

आपली,
एक वाचक भगिनी, निपाणी