अठरा वर्षांनंतरचा आराखडा पालकांना विचारून करा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

बौद्धिक अक्षमता असलेल्या माझ्या मुलाला लवकरच अठरा वर्षे पूर्ण होतील. शाळा सुटल्यावर त्याने काय करायचे याचा आराखडा शाळेने गेल्या महिन्यात आमच्यापुढे ठेवला आणि सही मागितली. कागद कन्नडमध्ये होता. शिक्षकांनी तोंडी सांगितले तेव्हा कळले, की त्यात मेणबत्त्या तयार करण्याचे काम आहे. मेणाच्या वासाने त्याला मळमळते. आधी विचारले असते, तर आम्ही सांगितले असते, की आमच्या दोन म्हशींची वैरण तो न चुकता पाहतो, डेअरीत दूध घालून येतो आणि लिटरचा आकडा वहीत स्वतः उतरवतो.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने किमान ४० टक्के अक्षमता असलेल्या मुलांना वयाच्या सहाव्या वर्षापासून अठराव्या वर्षापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे, पण त्यापुढच्या आयुष्याची तयारी केव्हा सुरू करायची, हे शाळेवर सोडून चालत नाही. अमेरिकेत सोळाव्या वर्षापर्यंत ही तयारी मुलाच्या वैयक्तिक शिक्षण आराखड्यात यावी लागते आणि तो ठरवणाऱ्या गटात पालक असतात. आपल्याकडे चौदाव्या वर्षीच आरंभ व्हावा, असे मला अनुभवाने वाटते, कारण ही मुले शिकतात, मात्र त्यांना वेळ लागतो. खानापूरहून बेळगावच्या बसची पाटी माझ्या मुलाला वाचता येत नाही, म्हणून कंडक्टरला विचारण्यापुरते कन्नडमधले एकच वाक्य आम्ही त्याच्याकडून घोटून घेतले. त्याला दीड वर्ष लागले.

यात आम्हा पालकांचीही चूक आहे. मुलाच्या शर्टाची बटणे वर्षानुवर्षे आपणच लावत राहिलो, तर शाळेने शिकवलेले घरी टिकत नाही. शिवाय मूल सज्ञान झाल्यावर आईवडील कायद्याने आपोआप पालक राहत नाहीत, हे अनेकांना बँकेच्या खिडकीपाशी कळते; त्यासाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करता येतो.

सीमाभागातील विशेष शाळांनी असा आराखडा मुलासमोर, त्याच्या घरच्या भाषेत, पालकांना सोबत घेऊन तयार करावा, अशी शिक्षण खात्याला विनंती आहे. तो कागद मी सही न करता परत आणला आहे. गोठा आणि डेअरी त्यात लिहून घेण्यासाठी सोमवारी मुलाला घेऊन पुन्हा शाळेत जाणार आहे.

आपला,
एक पालक, खानापूर तालुका